आर्चीच्या आईविषयी कुणी बोललंच नाही!

मैत्रिणींनो, 2025 हे वर्ष थिएटरवाल्यांना प्रेमकथांनी चांगलंच पावलं. 21 मार्चला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' नऊ वर्षांनी पुन्हा पडद्यावर आला आणि जुलै महिन्यात मोहित सूरी यांचा 'सैयारा' हा हिंदी चित्रपट लागला. दोन्ही प्रेमाचे, दोन्ही गाण्यांच्या जोरावर चाललेले आणि दोन्हीकडे नायक-नायिका नवखे. दोन्ही चित्रपटांपेक्षा चर्चा झाली ती ते बघणाऱ्यांची!

'सैयारा' बघताना मुलं-मुली हुंदके देऊन रडली, कुणी शर्ट काढून नाचलं, कुणाला भोवळ आली. हाताला सलाइन लावून थिएटरात बसलेल्या एका तरुणाची चित्रफीतसुद्धा मोबाइलवर फिरली. त्यात खरं किती आणि जाहिरात किती, देव जाणे! पण चित्रपटानं जगभरात 500 कोटींहून जास्त कमावले, म्हणजे गर्दी तर खरीच होती. आपल्या पिढीच्या बायका हे बघून हसल्या. 'काय बाई हल्लीची पोरं!' असं म्हणाल्या. पण जरा मागे वळून बघा. 2016 साली आपण काय वेगळं केलं होतं?

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. उन्हाळ्याची सुट्टी, त्यात मराठवाड्यात दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो हा उन्हाळा. अशा दिवसांत खेड्यापाड्यांतून जीप आणि टेम्पो भरभरून लोक तालुक्याच्या गावाला हा चित्रपट बघायला येत होते. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला तर लोकांच्या आग्रहापायी रात्री 12 आणि पहाटे 3 वाजता खेळ लावावे लागले. 'झिंगाट' सुरू झालं की खुर्च्यांवर कुणी राहायचंच नाही. पडद्यासमोर पोरं नाचायची, पैसे उधळायची. आणि बायकाही नाचल्या बरं का! लग्नाच्या वरातीत लांबून बघणाऱ्या, पदर सावरत बाजूला उभ्या राहणाऱ्या बायका अंधारात नाचल्या. ज्याला 100 कोटींचा पहिला मराठी चित्रपट म्हणतात, तो अशा गर्दीनं मोठा केला.

यात अजय-अतुल यांच्या संगीताचा वाटा मोठा होता. त्यातला वाद्यवृंद त्यांनी थेट अमेरिकेत, हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. चार गाणी, आणि चारही पूर्वार्धात! करमाळ्याकडची विहीर, केळीच्या बागा, उसाचे फड आणि त्यावर ते भव्य सूर. आपल्या मातीला असा थाट हिंदी चित्रपटांनी कधी दिला नव्हता. शिवाय आर्ची! बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन सासूच्या दारात जाणारी, मुलाकडे रोखून बघणारी. आजवर बघायचं काम मुलाचं आणि लाजायचं काम मुलीचं होतं. रिंकू राजगुरूनं ते उलटं केलं. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला तो उगाच नाही. थिएटरातल्या बायका नाचल्या, त्या बहुधा या मुलीसाठी नाचल्या.

मध्यंतरानंतर मात्र गाणं नाही. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण, मग हळूहळू सावरलेला संसार, एक मूल. आणि शेवट. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना सांगायला नको, आणि पाहिला नसेल त्यांनीही तो ऐकला असेलच. त्या शेवटाला पार्श्वसंगीतसुद्धा ठेवलेलं नाही. तासाभरापूर्वी शिट्ट्या मारणारं थिएटर एकदम गप्प व्हायचं. दिवे लागले तरी माणसं उठायची नाहीत. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलायचं नाही.

मला विचाराल तर प्रेक्षकांची खरी प्रतिक्रिया ही शांतताही नव्हती. ती सुरू झाली घरी गेल्यावर.

मी आमच्या भागातल्या बचत गटांच्या बायकांबरोबर बरीच वर्षं काम करते. महिन्याच्या बैठकीत हप्त्याचे पैसे मोजून झाले की गप्पा निघतात. 2016 च्या त्या मे-जूनमध्ये प्रत्येक बैठकीत 'सैराट' निघायचाच. एक जण म्हणाली, "ताई, पिक्चर लई भारी. मी तर रडले. घरी गेले अन् पोरीचा मोबाइल काढून घेतला." दुसरी म्हणाली, "आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, बारावी झाली की बास. कॉलेजात घालायचं न्हाई." तिसरीनं तर गटाकडून कर्ज मागितलं, कशासाठी, तर पोरीचं लग्न उरकायला. पोरगी सतरा वर्षांची! "उद्या काही झालं तर?" एवढंच तिचं म्हणणं.

बघा हं, गंमत कशी आहे. तीन तास आपण आर्चीच्या बाजूनं होतो. तिच्यासाठी शिट्ट्या मारल्या, तिच्यासाठी रडलो. आणि घराचं दार उघडलं की आपण आर्चीच्या वडिलांच्या बाजूनं झालो! ज्या चित्रपटात मुलीला तिच्या घरचीच माणसं मारतात, तो बघून आपण धडा काय घेतला, तर मुलीला आणखी घट्ट बांधायचं. कुणाच्या घरी मुलाला समोर बसवून, 'बाबा रे, त्या प्रिन्ससारखा होऊ नकोस,' असं कुणी सांगितलं का? मी तरी ऐकलं नाही.

खुद्द आर्ची झालेल्या मुलीलाही हे चुकलं नाही. रिंकू तेव्हा अकलूजमध्ये शाळेत शिकत होती. चित्रपटानंतर तिला बघायला एवढी झुंबड उडायची की रोज शाळेत जाणं अवघड झालं. शेवटी तिनं दहावीची परीक्षा बाहेरून दिली आणि 2017 मध्ये ती 66.40 टक्क्यांनी पास झाली. वर्तमानपत्रांनी तिचे गुण पहिल्या पानापर्यंत नेले. पण आपल्या लाडक्या आर्चीची शाळा आपल्याच कौतुकापायी सुटली, याचं फारसं कुणाला काही वाटलं नाही. आकाश ठोसरची चौकशी झाली ती त्याच्या पुढच्या चित्रपटाची!

आता मुद्द्याचं बोलते. या चित्रपटावर एवढं लिहिलं गेलं, एवढे वाद झाले. जातीवर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पाटलांची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा, ही कथेची गाठच आहे. दिग्दर्शकावर, संगीतावर, शेवटावर चर्चा झाली. पण आर्चीच्या आईविषयी कुणी बोललं? पडद्यावर ती थोडाच वेळ दिसते. तिला घरात मत नाही. तरी सगळ्या कथेचा दोरा शेवटी तिच्याच हातात येतो. आठवा. संसार स्थिरावल्यावर आर्चीला माहेरची ओढ लागते. ती फोन करते तो वडिलांना नाही, भावाला नाही. आईला करते. बाळाला आजीशी बोलायला लावते. आणि मग थोड्याच दिवसांत भाऊ नातेवाइकांना घेऊन दारात उभा राहतो, आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन. आर्ची आनंदून जाते, चहा करते. आईचं नाव ऐकलं की कुठली मुलगी दार लावून घेईल?

आईला काय माहीत होतं, तिनं पत्ता कुणाला आणि का सांगितला, चित्रपट सांगत नाही. कदाचित तिला खरंच वाटलं असेल की आता राग निवळला. कदाचित तिच्याकडून तो काढून घेतला असेल. ते कोडं तसंच सोडलंय. पण आपण बायकांनी ते सोडून द्यावं, असं मला वाटत नाही.

कारण हे पडद्यावरच राहिलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, 19 वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. तिनं त्याच वर्षी पळून जाऊन लग्न केलं होतं. ती गरोदर होती. आई आधी एकदा येऊन भेटून गेली होती. दुसऱ्यांदा आली ती भावाला घेऊन. मुलगी आनंदानं चहा ठेवायला गेली. पुढचं लिहवत नाही. पोलिसांनी आई आणि भाऊ, दोघांनाही ताब्यात घेतलं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'अगदी सैराटसारखं!' मला त्या वाक्याचा राग येतो. चित्रपटानं हे शिकवलं, असा त्यातून अर्थ निघतो. अशा घटना आपल्याकडे आधीपासून घडत होत्या, म्हणून तर तो चित्रपट निघाला.

पुढेही त्या थांबल्या नाहीत. जुलै 2024 मध्ये आपल्या शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या एका तरुणावर सासरच्यांनी हल्ला केल्याचा गुन्हा दाखल झाला. तो मुलगा दवाखान्यात गेला. जानेवारी 2025 मध्ये शहराजवळच्या खवड्या डोंगरावरून 17 वर्षांच्या मुलीला चुलत भावानं ढकलून दिल्याचा गुन्हा नोंदला गेला. समजूत काढण्यासाठी म्हणून तिला काकाच्या घरी पाठवलं होतं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नांदेडला एका मुलीच्या प्रियकराचा खून झाला. पोलिसांनी तिच्या वडिलांना आणि भावांना अटक केली. त्या मुलीनं त्याच्या मृतदेहाला हळद लावून, स्वतःच्या कपाळी कुंकू लावून लग्न केलं. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. पाहून रडलो, पुढे पाठवली आणि भाजी फोडणीला टाकली. थिएटरात बसल्यासारखंच की!

मग आया असं का वागतात? त्यांना माया नसते का? तसं अजिबात नाही. मी ज्या आयांना भेटते, त्या मुलीवर जीव टाकणाऱ्या आहेत. पण आपल्या घरात एक विचित्र वाटणी असते. मुलीचं लग्न कुठे करायचं, कधी करायचं, शिकवायचं की नाही, हे ठरवताना आईला कुणी विचारत नाही. पण मुलीनं काही केलं की पहिला प्रश्न आईला, "तुझं लक्ष कुठं होतं?" निर्णय पुरुषांचा आणि राखण आईची! राखणीत चूक झाली तर शिव्या तिला, कधी मारही तिला. चार लोकांत मान खाली घालायची तीही तिनंच. म्हणून ती आधीच कडक होते. मुलीवर नजर ठेवते, मोबाइल तपासते, मैत्रिणी तोडते. मुलीला वाचवते आहे असं तिला वाटत असतं. खरं तर ती बऱ्याचदा स्वतःला वाचवत असते.

याच भीतीपोटी मुलींची लग्नं लवकर उरकली जातात. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचं दिसलं. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर आहे. याला गरिबी आणि ऊसतोडीचं स्थलांतर ही कारणं आहेतच. पण 'काही व्हायच्या आत' हे कारण मी जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच नाही.

आता कुणी म्हणेल, "ताई, बोलायला सोपं आहे. सोळा-सतरा वर्षांची पोरगी, तिला काय कळतं?" ही काळजी खोटी नाही. त्या वयात प्रेमापायी शिक्षण सोडलेल्या, फसलेल्या मुली मीही पाहिल्या आहेत. अठराच्या आतल्या मुलीला 'आधी शिक्षण पूर्ण कर, कमवायला लाग, मग बघू' असं सांगणं हे आईचं कामच आहे. पण ते सांगायला मुलगी आईजवळ यावी लागते. ज्या घरात 'मुलाशी बोललीस तर तंगडी मोडीन' हे पहिलंच वाक्य असतं, तिथली मुलगी आईला काही सांगत नाही. ती सरळ बसमध्ये बसते. काळजी वाटणं आणि मालकी सांगणं यात फरक आहे. काळजी मुलीला विचारते, मालकी तिला विचारत नाही.

आणि मुलगी अठरा वर्षांची, मुलगा एकवीस वर्षांचा झाला की कायदा अगदी स्पष्ट आहे. 27 मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसं एकमेकांना निवडतात, तेव्हा घरच्यांची, समाजाची किंवा जातपंचायतीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांना संरक्षण देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असंही त्या निकालात आहे. आपल्या राज्याच्या गृह विभागानं डिसेंबर 2024 मध्ये असे कक्ष आणि सुरक्षित निवारे यांविषयी परिपत्रक काढलं. अडचणीत 112 या क्रमांकावर पोलीस आणि 181 वर महिला हेल्पलाइन मिळते. हे आपल्या मुलीला माहीत असलं म्हणजे ती पळून जाईल, असं काही नाही. पण आपल्या शेजारची एखादी मुलगी संकटात असेल, तर आपल्याला काय करायचं ते माहीत असेल.

आता मुलाविषयी. चित्रपटातला प्रिन्स आकाशातून पडलेला नाही. तो वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि त्याचं काही वाकडं होत नाही. ज्याला कधीच कुणी अडवलं नाही, तो पुढे कशाला थांबेल? आपल्या घरातही 'बहिणीवर लक्ष ठेव रे' हे मुलाला आपणच सांगतो. आठवीतला मुलगा अकरावीतल्या बहिणीला 'ओढणी नीट घे' म्हणतो आणि आपल्याला कौतुक वाटतं, 'बघा, किती जबाबदार आहे!' तिथूनच त्याला वाटायला लागतं की बहीण म्हणजे आपल्या मालकीची वस्तू. ताट वाढताना, शेताची वाटणी करताना, मोबाइल घेऊन देताना हेच त्याला पुन्हा पुन्हा शिकवलं जातं.

'सैयारा' बघून पोरं रडली, कारण तिथे प्रेमाचा शत्रू आजार आहे. नायिकेला विस्मरणाचा रोग होतो. आजारावर कुणाला रागावता येत नाही, नुसतं रडता येतं. रडून माणूस हलका होऊन घरी जातो. 'सैराट'चा शत्रू घरात बसलेला होता, म्हणून त्यावर रडून भागण्यासारखं नव्हतं. 2018 मध्ये त्याचा हिंदी 'धडक' झाला, त्यात जातीचा मुद्दा पुसट केला आणि शेवटही बदलला. नायक आणि बाळ जातात, नायिका उरते. दोन गाणी त्याच चालींची, संगीतही अजय-अतुलचंच, पण थिएटरातली ती शांतता काही मिळाली नाही.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, भिशीला, बचत गटाच्या बैठकीला एक गोष्ट करून बघा. 'सैराट' सगळ्यांनी पाहिलेला आहेच. पोरींना का पळायचं असतं, यावर आपण नेहमीच बोलतो. या वेळी आर्चीच्या आईवर बोला. तुमच्या मुलीचा असा फोन आला तर तुम्ही काय कराल? पत्ता विचाराल का? विचारलात तर तो कुणाला सांगाल? घरात कुणी फोन हिसकावला तर? आणि तुमच्या बाजूनं उभी राहील अशी एक तरी बाई घरात आहे का, जाऊ, सासू, नणंद, कुणीही?

आमच्या गटात मी हा विषय काढला, तेव्हा आधी सगळ्या गप्प झाल्या. मग साठीची एक बाई बोलली. आयुष्यभर घरात कधी मोठ्यानं न बोललेली. म्हणाली, "मी तर म्हणीन, बाई, सुखात ऱ्हा. पत्ता मला बी सांगू नको. मला विचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाई."

त्यावर एक तरुण सून म्हणाली, "आत्या, खोटं बोलायची वेळच येऊ नये, असं घर करायला किती दिवस लागतील?"

त्या दिवशी हप्ते मोजायचं राहूनच गेलं.